एक फोन, पाच लेकरं: वाटून खेळण्याच्या संशोधनाचा इतिहास

मागच्या लेखात आपण विषय निवडण्याबद्दल बोललो. आज एकच विषय घेऊन त्याचा इतिहास बघू. विषय आहे: मुलांच्या गटाने मिळून खेळायचे मोबाइल गेम कसे तयार करायचे?

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? मोबाइल तर कालचा. पण लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की कळतं, प्रश्न मोबाइलचा नाहीच. वस्तू एक आणि हात पुष्कळ, मग ती वस्तू कोणाच्या हातात राहणार, हा प्रश्न आहे. तो मोबाइलच्या फार आधीपासून चालत आलाय. आपल्याकडच्या बऱ्याच सिनॉप्सिसचं शीर्षक 'मोबाइल गेमचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम' असं असतं. हे शीर्षक एवढं मोठं आहे की त्यात काहीही मावतं, आणि म्हणून त्यातून काहीच हाती लागत नाही. इतिहास माहीत असला की प्रश्न बारीक करता येतो. म्हणून हा लेख.

हिंगोलीचा संदर्भ डोक्यात ठेवूनच वाचा. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्यातल्या गावात संध्याकाळी पारावर बघा. एकाच्या हातात फोन असतो, आणि चार-पाच डोकी त्यात घुसलेली असतात. खेळतो एक. बाकीचे सांगतात, ओरडतात, हिसकावतात. काही नुसती बघत राहतात. संशोधनाचा प्रश्न त्या बघत राहणाऱ्या लेकरापासून सुरू होतो.

संगणकाच्या आधी

मॉर्टन डॉइच हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. एमआयटीतल्या पीएचडीच्या कामातून त्याने 1949 मध्ये सहकार्य आणि स्पर्धा यांची मांडणी केली. मांडणी साधी आहे. तुझं ध्येय गाठलं गेलं तरच माझंही गाठलं जाईल, अशी रचना असली की माणसं एकमेकांना मदत करतात. तू जिंकलास म्हणजे मी हरलो, अशी रचना असली की ती एकमेकांना अडवतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डॉइच 'ही माणसं चांगली, ती वाईट' असं म्हणत नाही. तो रचनेकडे बोट दाखवतो. गेम डिझाइनचा सगळा पाया याच वाक्यात आहे, कारण गेम म्हणजे रचनाच.

1971 मध्ये एलियट अॅरनसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत ही कल्पना वापरली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा तिथे नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात तणाव होता. अॅरनसनने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा समजून घ्यायचा तर सगळ्यांचं ऐकावंच लागणार. परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची. या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात. पुढे मोबाइलवर जे प्रयोग झाले त्यातल्या बऱ्याच प्रयोगांचं मूळ इथे सापडतं.

आणि आपल्याकडे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आठवा. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती आणि ती आदिवासी पाड्यांत मिळणार नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, दगड, पानं, बिया यांतून साधनं तयार केली. यातली डिझाइनची शिकवण अशी: आधी बघा तिथे काय आहे, मुलं काय हाताळतात, आणि मग साधन बनवा. संगणकवाल्यांना हे कळायला पुढची पन्नास वर्षं लागली.

देणं आणि घेणं

1990 च्या दशकात कॅनडात व्हँकुव्हरला कोरी इंकपेन आणि सहकाऱ्यांनी मुलांना 'द इन्क्रेडिबल मशीन' हा कोड्यांचा संगणकी खेळ खेळायला दिला. काही मुलं एकटी खेळली, काही जोडीने एकाच संगणकावर. 1995 च्या शोधनिबंधात त्यांनी मांडलं की मिळून खेळणं सरस ठरतं, विशेषतः मुलींसाठी.

पण मला त्यांचा पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. दोघांना दोन माउस दिले, पण एका वेळी एकच चालणार. मग पाळी कशी बदलायची? एका पद्धतीत ज्याच्याकडे ताबा आहे त्याने तो 'द्यायचा'. दुसऱ्या पद्धतीत समोरच्याने तो 'घ्यायचा'. बटण एकच, फक्त ते कोणी दाबायचं एवढाच फरक. तरीही निकाल बदलले, आणि मुलांमध्ये व मुलींमध्ये ते वेगवेगळ्या तऱ्हेने बदलले. तेव्हा 'गेमचा परिणाम' असं एक काही नसतं, हे इथेच स्पष्ट होतं. गेमच्या एका नियमाचा परिणाम असतो.

आता खो-खो आठवा. पाठलाग करणारा उलटा फिरू शकत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाऊ शकत नाही. पळणारा निसटला की त्याला खो द्यावाच लागतो. बसलेल्याला मनाने उठता येत नाही, खो मिळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे खो-खोत पाळी 'घेता' येत नाही, फक्त 'देता' येते. आणि देणं हा उपकार नाही, ती गरज आहे, कारण न देता एकट्याने धरून ठेवलं तर गडी हातचा जातो. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम बांधले गेले. व्हँकुव्हरमध्ये जो प्रश्न प्रयोगशाळेत विचारला गेला, त्याचं एक उत्तर आपल्या शाळेच्या मैदानावर आधीच आखलेलं होतं. फक्त ते उत्तर आहे, हे आपण कधी म्हटलं नाही.

भिंतीतला संगणक आणि त्यावरची टीका

1999 मध्ये दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा यांनी एनआयआयटीच्या भिंतीत संगणक बसवला. शेजारच्या वस्तीतली मुलं आली आणि कोणी न शिकवता तो वापरू लागली. 'होल इन द वॉल' म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. नंतर देशात अनेक ठिकाणी असे संगणक बसले, कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही. 2005 च्या शोधनिबंधात मित्रा आणि सहकाऱ्यांनी 17 ठिकाणांची माहिती दिली. परिमला इनामदार यांचा 2004 चा शोधनिबंध ग्रामीण मुलं अशा संगणकांवर स्वतःहून किती शिकली, हे शाळेच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेने तपासतो.

हे सगळं वाचा, पण टीकाही तितक्याच मन लावून वाचा. मार्क वॉरशॉअर यांनी दिल्लीला जाऊन पाहिलं आणि लिहिलं की मुलांचा बराच वेळ चित्रं रंगवण्यात आणि गेम खेळण्यात जातो, आणि पालकांचं मत दोन्ही बाजूंनी आहे. पायल अरोरा यांनी 2010 मध्ये उत्तराखंडातल्या केंद्रांबद्दल लिहिलं. तिथले संगणक बंद पडले होते. त्यांनी विचारलं, प्रयोग संपल्यावर काय उरतं?

रिव्ह्यू लिहिताना आपण काय करतो? बाजूचे निबंध एका परिच्छेदात, विरोधातले दुसऱ्या परिच्छेदात, आणि शेवटी 'यावर अधिक संशोधनाची गरज आहे'. असं करू नका. दोन्ही बाजू नेमक्या कोणत्या मुलाकडे बघतायत, ते शोधा. संगणकाभोवती घोळका जमला आणि 'गट शिकला' असं आपण म्हणतो, तेव्हा माउस धरलेला मुलगा शिकला की मागे उभी असलेली मुलगी? सरासरी काढली की ती मुलगी दिसेनाशी होते.

याच काळात उलट टोकाची कल्पनाही आली: प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. भारतात तिचा पहिला प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत झाला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनीही तिथे काम केलं. वाटून घ्यायचा प्रश्न सोडवण्याचा हा एक मार्ग झाला: वाटूच नका, प्रत्येकाला द्या. पण हजारो शाळांना असं देणं परवडत नाही. आणि प्रत्येकाच्या हातात वस्तू आली की मुलं आपोआप मिळून काम करतील, असंही नसतं.

पाच माउस

2005 मध्ये बंगळुरूत मायक्रोसॉफ्टची संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या जोयोजीत पाल, उदय सिंग पवार आणि केंटारो तोयामा यांनी ग्रामीण शाळांत तेच पाहिलं जे आपण पारावर बघतो. एका संगणकाभोवती पाच-सहा मुलं, माउस एकाच्या हातात, आणि तो बहुतेक वेळा वर्गातला दांडगा मुलगा. त्यांचा उपाय 2006 मध्ये प्रसिद्ध झाला: एकाच संगणकाला अनेक माउस जोडायचे आणि पडद्यावर प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण द्यायचा. संगणक एकच राहतो, वाढतात ते फक्त स्वस्त माउस.

पुढच्या वर्षी, 2007 मध्ये, त्यांनी 238 ग्रामीण मुलांबरोबर इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याचा प्रयोग केला. एकटं मूल एका माउसवर, गट एका माउसवर, आणि पाच मुलं पाच माउसवर, अशा रचना होत्या. पाच माउसच्या रचनेतही दोन प्रकार होते: एक स्पर्धेचा, दुसरा सहकार्याचा. पाच मुलं पाच माउसवर जेवढे शब्द शिकली, ते प्रमाण एकट्या मुलाच्या बरोबरीचं निघालं. स्पर्धा आणि सहकार्य यांत मात्र शिकण्यात आणि वागण्यात ठळक फरक दिसला. मुली सगळ्या रचनांत साधारण सारख्याच शिकल्या. मुलांचं शिकणं रचनेप्रमाणे बदललं.

हा निबंध नमुना म्हणून वाचा. कशाची तुलना कशाशी केली ते बघा. 'माउस दिले आणि मुलं खूश झाली' एवढ्यावर ते थांबले नाहीत. एकटं मूल हा मापदंड ठेवला, म्हणून 'बरोबरीचं' या शब्दाला अर्थ आला. तुमच्या आराखड्यात असा मापदंड कोणता? हा प्रश्न तुमचे गाइड विचारतीलच, त्याआधी तुम्हीच विचारा.

पडद्याला बोट ओळखू येत नाही

फोन आला आणि अडचण बदलली. माउस पाच असले तर कोणाचा माउस हलला ते संगणकाला कळतं. फोनच्या पडद्यावर बोट पडलं तर ते कोणाचं, हे फोनला कळत नाही. शिवाय पडदा तळहाताएवढा. पाच डोक्यांना एकदम दिसत नाही.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे अनेक उपकरणं जोडायची. चिलीमध्ये गुस्ताव्हो झुरिता आणि मिगेल नुसबाउम यांनी पहिलीतल्या मुलांना तिघातिघांच्या गटात हातात मावणारे, बिनतारी जोडलेले संगणक दिले. त्यांचा निबंध 2004 चा आहे. प्रत्येकाच्या पडद्यावर शब्दाचा एक तुकडा. शब्द बनवायचा तर तिघांनी बोलून क्रम ठरवायचा, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिगसॉच आहे हे. 2010 मध्ये मेरीलँड विद्यापीठात जेरी फेल्स, अॅलिसन ड्रुइन आणि मोना ली गुहा यांनी दोन फोन शेजारी ठेवून गोष्ट वाचण्याचं काम मांडलं: कधी चित्र एका फोनवर आणि मजकूर दुसऱ्यावर, कधी दोन्ही पडदे मिळून एक पान. ड्रुइन यांच्या गटात मुलं स्वतःच डिझाइनच्या कामात बसत, हेही नोंदवून ठेवा.

दुसरी वाट म्हणजे मुलांचे मूळ खेळ समजून घ्यायचे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू कॅम पीएचडी करत होता. भारतातल्या ग्रामीण मुलांना फोनवरच्या गेममधून इंग्रजी शिकवायचं, असा प्रकल्प होता. सुरुवातीचे गेम मुलांना नीट समजले नाहीत, कारण ते परदेशी व्हिडिओ गेमच्या सवयींवर बेतलेले होते. मग त्या गटाने मुलं गावात काय खेळतात ते विचारायला सुरुवात केली. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या तीन समुदायांत काम करून त्यांनी 28 पारंपरिक खेळांची नोंद केली, प्रत्येकाचे नियम सोडवून मांडले, आणि त्यावरून नवा गेम बांधला. तो मुलांना जास्त सहज वाटला. हा निबंध 2009 चा. 2010 मध्ये त्याच गटाने 26 आठवडे मुलांकडे फोन देऊन, शाळेबाहेर ती आपणहून किती वापरतात ते पाहिलं.

ताराबाई-अनुताईंनी कोसबाडला जे केलं, तेच इथे पुन्हा झालेलं दिसतं ना?

फोन घरात आहे, पण हातात आहे का?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हीच शाळा झाली. त्या वर्षीच्या 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018 मध्ये हे प्रमाण 36.5 टक्के होतं. 2021 मध्ये ते 67.6 टक्क्यांवर गेलं. बातम्या इथेच थांबल्या. पण त्याच 2021 च्या अहवालात पुढचा आकडा आहे: घरात स्मार्टफोन असूनही सुमारे 26 टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. 'असर 2023' ने 14 ते 18 वयाच्या मुलामुलींकडे पाहिलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के, मुली 19.8 टक्के.

हे आकडे समोर ठेवून आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. फोन बापाचा किंवा थोरल्या भावाचा. तो शेतातून किंवा कामावरून आल्यावर मिळणार. बॅटरी अर्धी. लेकरं एका वयाची नाहीत, सातवीतली ताई आणि पहिलीतला धाकटा एकाच घोळक्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल तर दिवाळीनंतर गटातूनच गळतं. आतापर्यंत मी जी ठिकाणं सांगितली ती पुन्हा मोजा: व्हँकुव्हर, दिल्ली, सिंधुदुर्ग, कर्जत, बंगळुरू, चिली, मेरीलँड. या यादीत मराठवाडा नाही. 'संशोधनातली पोकळी' शोधत फिरता ना तुम्ही? पण 'हिंगोलीत कोणी केलं नाही' एवढ्याने पोकळी सिद्ध होत नाही. हिंगोलीतली परिस्थिती आधीच्या उत्तरांना कुठे अडवते, ते दाखवावं लागतं. पाच माउसचं उत्तर इथे चालत नाही, कारण फोनला बोट ओळखता येत नाही. तीन उपकरणांचं उत्तर चालत नाही, कारण फोन एकच आहे. सारख्या वयाच्या वर्गाचं उत्तर चालत नाही, कारण घोळका मिश्र वयाचा आहे. ही झाली खरी पोकळी.

उदाहरण म्हणून एक कच्चा आराखडा सांगते. वसमतच्या हळदीच्या बाजारावरचा हिशोबाचा खेळ समजा. फोन एकच. फोन ज्याच्या हातात, त्यालाच त्याच्या पोत्याचं वजन दिसतं. सौदा पुरा व्हायचा तर पाचही वजनं जुळवावी लागतात, पण एका हातात फोन असताना एकच वजन उघडतं. म्हणजे खो द्यावाच लागतो. ज्याने एकदा उघडलं त्याला बाकी चौघांची पाळी झाल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. इथे डॉइच आहे, जिगसॉ आहे, आणि खो-खो तर आहेच. आता यातून विचारण्याजोगा प्रश्न बघा: 'द्यावंच लागतं' हा नियम ठेवला तर बघत राहणाऱ्या लेकराच्या हातात फोन किती वेळ येतो, आणि त्याला हिशोब किती येतो? नियम काढून टाकला तर किती? दोन रचना, दोन मोजमापं. सिनॉप्सिसच्या एका पानात मावेल एवढा हा प्रश्न आहे.

यात एक धोका आहे, तोही सांगून ठेवते. दांडगा मुलगा फोन धाकट्याच्या हातात देईल आणि 'हे दाब' म्हणून सांगेल. फोनच्या नोंदीत पाळी धाकट्याची दिसेल, डोकं मात्र दुसऱ्याचं चाललेलं असेल. म्हणून फोनमधल्या नोंदींवर विसंबून चालत नाही. शेजारी बसून बघावं लागतं, कोण बोललं, कोणाचं ऐकलं गेलं, ते लिहावं लागतं. आणि अॅरनसनसारखं शेवटी प्रत्येकाला एकेकटं विचारावं लागतं. पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही आधी घ्या. मूल नको म्हणालं तर तिथेच थांबा.

आता तुमचं काम

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या गावातला एक खेळ निवडा: लगोरी, सूरपारंबी, सागरगोटे, आट्यापाट्या, कुठलाही. कोणाला तो माहीत नाही असं समजून त्याचे नियम लिहा. मग तीन प्रश्नांची उत्तरं काढा. पाळी कशी बदलते, दिली जाते की घेतली जाते? एकाला दुसऱ्याची गरज कुठे लागते? बाद झालेलं लेकरू पुढे काय करतं? तिसरा प्रश्न सोडू नका. पुष्कळ खेळांत बाद झालेला बाजूला बसतो, आणि पारावर फोनकडे बघत राहणारं लेकरूही न खेळताच बाद झालेलं असतं.

लिहिलेलं मला पाठवा, एकत्र बसून बघू. पुढच्या लेखात निरीक्षणाची वही कशी ठेवायची ते घेऊ.